चुकलं, हे सांगता यावं म्हणून

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९७०च्या दशकात सायकलवरून जाणाऱ्या एका मुलीला मोटारीने धडक दिली आणि ती गेली. तिचे वडील त्या राज्याच्या सिनेटचे सदस्य होते. गाडी चालवणाऱ्याने त्यांच्याकडे कधी साधी दिलगिरीही व्यक्त केली नाही, कारण कोर्टात तोच शब्द दोषाची कबुली ठरू शकला असता. वडिलांना हे फार लागलं. पुढे १९८६ मध्ये, अपघातानंतर दाखवलेली सहानुभूती पुरावा धरायची नाही, असा कायदा त्या राज्याने केला. अमेरिकेतला तो अशा स्वरूपाचा पहिला कायदा.

कायद्याने कोर्टाची भीती कमी होते. शरमेचं काय?

१९७१ मध्ये समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी मांडलं की, माफी मागताना माणूस स्वतःचे दोन भाग करतो: एक चुकलेला, दुसरा त्या चुकीला नावं ठेवणारा. त्याच वर्षी मनोविश्लेषक हेलन ब्लॉक लुईस यांनी शरम आणि अपराधभाव वेगळे काढले. शरमेत माणूस स्वतःलाच नालायक ठरवतो, अपराधभावात फक्त केलेल्या कृत्याला. मानसशास्त्रज्ञ जून टँगनी यांच्या नंतरच्या संशोधनात दिसलं की, शरमेने ग्रासलेली माणसं तोंड लपवतात किंवा उलट चिडून दुसऱ्यावर खापर फोडतात. भरपाई करायला पुढे येतात ती अपराधभाव असलेली. आपल्या घरांत मात्र मुलाला आधी ‘लाज नाही वाटत?’ म्हणून चारचौघांत झापतात आणि लगेच ‘सॉरी म्हण’ म्हणून पुढे ढकलतात. त्या सॉरीत समोरच्याच्या दुःखाला जागा कुठून उरणार?

केंटकीतल्या लेक्सिंग्टन इथल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयाने १९८७ पासून वेगळी वाट धरली. आधी दोन खटले हरून त्यांना जबर भरपाई द्यावी लागली होती. मग ठरलं, की उपचारातली चूक आपल्याच तपासणीत सापडली आणि रुग्णाच्या घरच्यांना तिचा पत्ता नसला, तरी आपणहून बोलवायचं. सोबत वकील आणायलाही सांगायचं. वरिष्ठ डॉक्टर समोर बसून काय घडलं ते सांगत, माफी मागत आणि भरपाईचा अर्ज भरायला मदत करत. १९९० ते १९९६ या काळातला हिशेब १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. अशाच ३५ रुग्णालयांशी तुलना केली, तर लेक्सिंग्टनवरचे दावे जास्त होते, पण भरपाईची रक्कम सगळ्यांत कमी असलेल्या गटातली होती.

आपल्याकडे १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आले. डॉक्टरांवरचे हल्ले रोखायला महाराष्ट्राने २०१० मध्ये कायदा केला. दोन्ही गरजेचेच. पण रुग्ण दगावल्यावर नातेवाइकांना बसवून, पाणी देऊन, घडलेलं खरंखरं कोण सांगणार, हे या कायद्यांनी ठरत नाही. ते रुग्णालयांनी ठरवावं आणि तरुण डॉक्टरांना एकट्याने नव्हे, वरिष्ठांच्या शेजारी बसवून शिकवावं.