वाकलेल्या पाठी

कामीय पिसारो हा चित्रकार फ्रान्समधल्या एरान्यी गावात राहत असे. 1888 साली त्याने सफरचंदांची तोडणी रंगवली. एकजण लांब काठीने फांदी हलवतो आहे. बाया वाकून फळं वेचताहेत. चेहरे नीट दिसत नाहीत. दिसतात त्या वाकलेल्या पाठी. झाडाखालची सावलीसुद्धा काळी नाही, निळ्या-जांभळ्या-गुलाबी ठिपक्यांची आहे. अगदी बारीक ठिपके, एकेक टेकवलेले. एवढी मेहनत त्याने त्या वेचणाऱ्यांच्या मेहनतीसाठी घेतली! कीव मात्र कुठेच नाही. मला तेच आवडतं. कीव करायला माणसाला वर उभं राहावं लागतं. मंडळी, वाकलेल्या पाठी आपल्याही वाटेवर भेटतात. रस्ता झाडणाऱ्या, ओझी उचलणाऱ्या. आज क्षणभर थांबू या. नाव विचारू या.