भरलेले रकाने

सावद्याला, केळीच्या बागा संपतात आणि वस्ती सुरू होते तिथे, एक दवाखाना होता. तिथे एक शिकाऊ सिस्टर कामाला लागली. पोरगी चलाख होती. हात इतका हलका की सुई टोचली तरी लहान मूल रडायचं नाही. नर्सिंगच्या वर्गात हातात दिवा धरून तिने सेवेची शपथ घेतली होती, आणि ती मनापासून घेतली होती.

एक दिवस दवाखान्यात एका म्हाताऱ्या मजुराला आणलं. आजोबांनी जन्मभर केळीचे घड वाहिले होते, ट्रक भरले होते. आता त्यांना लकवा मारला होता. उजवं अंग गेलं होतं, वाचाही गेली होती. डोळे तेवढे हलायचे.

डॉक्टरांनी सांगितलं, "यांची दर दोन तासांनी कूस बदलायची. डावी कूस, पाठ, उजवी कूस." खाटेच्या पायथ्याशी एक कागद अडकवला. त्यावर रकाने होते. वेळ, कूस, सही.

रात्रपाळी शिकाऊ सिस्टरची होती. रात्री 10 वाजता तिने आजोबांना डाव्या कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली, सही केली. 12 वाजता एक बाळंतीण आली. 2 वाजता एका पोराला ताप चढला. 4 वाजता ती खुर्चीत टेकली आणि तिचा डोळा लागला. अख्खा वॉर्ड एकटीच्या अंगावर असला की असं होतं. त्याचा दोष मी तिला देत नाही. दोष पुढे आहे.

सकाळी राउंडची वेळ झाली. कागदावर तीन रकाने कोरे होते. तिने पेन काढलं. 12 वाजता, पाठ. 2 वाजता, उजवी कूस. 4 वाजता, डावी कूस. तीन सह्या ठोकल्या.

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. आजोबा काही बोलले नाहीत. बोलणार कसे?

दुसऱ्या रात्री बाळंतीणही आली नाही आणि तापाचं पोरही आलं नाही. तरी रकाने सकाळीच भरले गेले. तिसऱ्या रात्री तर तिने ते 10 वाजताच भरून टाकले.

चौथ्या दिवशी थोरल्या सिस्टर आजोबांचं अंग पुसत होत्या. कमरेच्या खाली, माकडहाडावर, त्यांना रुपयाएवढा लाल डाग दिसला. त्यांनी त्यावर बोट दाबलं आणि उचललं. बोटाखाली जागा पांढरी पडली आणि मग लाली परत आली, तर तिथे रक्त फिरतंय असं समजायचं. ही जागा पांढरी पडलीच नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस तासन्‌तास चेंगरलं होतं. बेडसोरची सुरुवात अशीच होते. त्यांनी पायथ्याचा कागद पाहिला. सगळे रकाने भरलेले. एकच शाई, एकसारख्या सह्या.

त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. पण त्या रात्री त्या घरी गेल्या नाहीत.

10 वाजले. "चल, चादर धर तिकडून," त्या म्हणाल्या. दोघींनी आजोबांना खालच्या चादरीसकट अलगद उचललं. ओढलं नाही. ओढलं की कातडी सोलते. गुडघ्यांच्या मध्ये एक उशी दिली. पोटऱ्यांखाली दुसरी दिली, म्हणजे टाचा गादीला टेकत नाहीत. शिकाऊ सिस्टर लाल डाग चोळायला गेली. "चोळू नको," थोरल्या सिस्टर म्हणाल्या. "आतलं मांस दुखावलंय. चोळलंस तर आणखी फाटेल. तिथला भार काढ, बस."

12 वाजता परत वळवलं. 2 वाजता परत. तेव्हा पोरीने विचारलं, "सिस्टर, जे माणूस बोलत नाही, त्याचं असं किती दिवस करायचं?"

थोरल्या सिस्टर खाटेशी बसल्या. "मुंबईला केईएममध्ये अरुणा शानभाग नावाची नर्स होती. 1973 च्या नोव्हेंबरात तिच्यावर त्याच हॉस्पिटलात हल्ला झाला. मेंदूला इजा झाली. ती पुन्हा कधी पहिल्यासारखी झाली नाही. 2015 च्या मे महिन्यात ती गेली. तोवर तिथल्या नर्सनी तिला भरवलं, न्हाऊ घातलं, कूस बदलली. जुन्या नर्स निवृत्त झाल्या, नव्या आल्या, काम थांबलं नाही. 2011 साली तिच्या दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात होता. डॉक्टरांनी तिला तपासलं. 37 वर्षं खाटेवर, आणि तेवढ्या काळात एकही बेडसोर झालेला नव्हता. न्यायालयाने अर्ज नाकारला. तिच्या वतीने बोलायचा हक्क केईएमच्या माणसांचा आहे, असं निकालात सांगितलं. तिला स्वतःला साक्ष देता येत नव्हती. साक्ष तिच्या पाठीने दिली."

पोरगी गप्प राहिली. 4 वाजता दोघींनी आजोबांना पुन्हा वळवलं. थोरल्या सिस्टरनी रात्रभरात एकदाही कागदावर सही केली नाही, तिलाही करू दिली नाही.

सकाळी डॉक्टर आले. कागद बघून त्यांचा पारा चढला. "रात्रभराचे रकाने कोरे? सिस्टर, इतकी वर्षं नोकरी झाली तुमची!"

थोरल्या सिस्टर खाली बघत उभ्या राहिल्या. त्यांनी एक शब्द काढला नाही. शिकाऊ सिस्टरला ते सहन होईना. ती म्हणाली, "साहेब, काल रात्रभर कूस बदललीय, सही नाही. त्याआधी तीन रात्री सह्या आहेत, कूस बदललेली नाही. त्या सह्या माझ्या आहेत."

डॉक्टर क्षणभर थांबले. मग म्हणाले, "खोडू नको. वाचता येईल अशी एकच रेघ मार. पुढे 'कूस बदलली नाही' असं लिही. आजची तारीख घाल, सही कर." तिने तसं केलं. हात कापत होता.

"आता आजोबांच्या बायकोला, आजींना सांगायचं," थोरल्या सिस्टर म्हणाल्या.

शेजारची एक सिस्टर म्हणाली, "कशाला? नुसती लाली आहे, जाईल. त्यांना काय कळणार आहे?"

"पाठ त्यांच्या माणसाची आहे," थोरल्या सिस्टर म्हणाल्या. "ती गोष्ट आपल्यापाशी ठेवायचा आपल्याला काय हक्क?"

आजी व्हरांड्यात भाकरीचं फडकं सोडत होत्या. पोरगी त्यांच्यासमोर खाली बसली आणि तिने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. आजींनी फडकं परत बांधलं. बऱ्याच वेळाने त्या बोलल्या.

"घड उतरवताना आपटला ना माय, तर बागेत काही दिसत नाही. हिरवाच दिसतो. माल वॅगनीत चढतो, दिल्लीला जातो. तिथे पिकला की तेवढी जागा काळी पडते. इथे आपटणाऱ्याला कोण विचारायला येतंय? पण यांनी कधी घड आपटला नाही. बघणारं कुणी नसायचं, तरी नाही." त्या उठल्या. "चल, कूस कशी बदलायची ते मला दाखव."

पोरीने त्यांना चादर कशी धरायची ते दाखवलं, उश्या कुठे द्यायच्या ते दाखवलं. दिवसा आजी आणि त्यांचा मुलगा हात लावायचे, रात्री ती स्वतः. काही दिवसांत लाली उतरली. कातडी फुटली नाही. फुटली असती तर जखम भरायला महिने लागले असते.

लाली गेली त्या दिवशी थोरल्या सिस्टर तिला म्हणाल्या, "ज्याला तक्रार करता येते, तो आपलं काम करून घेतोच. ज्याला करता येत नाही, त्याच्याशी आपण खरं वागायचं."

त्याच आठवड्यात एका पहाटे पुन्हा बाळंतीण आली. सकाळी कागदावर लिहिलं होतं : 'पहाटे 4, बाळंतपण चालू, एकटी होते, कूस बदलली नाही. 4.40, डावी कूस.' खाली सही होती.

डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. आजवर भरलेल्या रकान्यांवरून त्यांना वाटत आलं होतं की रात्रीचं काम एकीच्यानं निभतंय. ते कचेरीत गेले आणि त्यांनी पाळ्यांचा तक्ता नव्याने मांडला. पुढच्या सोमवारपासून रात्री वॉर्डात दोन सिस्टर असू लागल्या.