दुःखाचं सोंग

यवतमाळात आमच्या सेवा क्लबच्या मासिक बैठकीत मी सुचवलं की, नव्या डॉक्टरांना वाईट बातमी सांगण्याचा सराव व्हावा म्हणून नाटकवाल्यांना रुग्ण, नातेवाईक म्हणून बसवू. अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज या डॉक्टरांनी १९६३ सालीच शिकाऊ डॉक्टरांसाठी असे सोंगाचे रुग्ण बसवायला सुरुवात केली. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "भाऊ, दुःखाचं सोंग करणं पाप नाही का?"

प्रश्न घरी घेऊन आलो. बाबांच्या कॅन्सरची बातमी मला एका तरुण डॉक्टरनं दारात उभ्या उभ्या, फाइलकडे बघत सांगितली होती. तो निर्दय नव्हता. तोंड कसं उघडावं, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

मग वैशाली येडे आठवल्या. आपल्याच जिल्ह्यातल्या. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर त्या शेतकरी विधवांच्या 'तेरवं' नाटकात उभ्या राहिल्या. जानेवारी २०१९मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांच्या हस्ते झालं. त्यांच्यासारख्या बायांचं रंगमंचावरचं रडणं सोंग कसं म्हणायचं? नाट्यशास्त्रावर भाष्य लिहिणाऱ्या अभिनवगुप्तानं हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय की, नाट्यातला शोक कुणा एकाचा उरत नाही, पाहणाऱ्या सगळ्यांचा होतो. मला वाटतं, पाप फसवण्यात आहे. या सरावात तर डॉक्टर आणि नट दोघांनाही सगळं ठाऊक असतं.

पहिल्या सरावाला रुग्णाचा मुलगा म्हणून मीच बसणार आहे. डॉक्टर चुकला, तर थांबून पुन्हा सुरुवात करू. त्या दिवशी दारात ती सोय नव्हती.