आधी कुठं, मग कुणी

आमच्याकडं ट्रक बंद पडला, की आधी माणूस शोधला जायचा आणि मग बिघाड. माणूस लवकर सापडायचा, कारण तो बहुतेक वेळा क्लीनरच असायचा. घरात मालक, केबिनमध्ये ड्रायव्हर, त्याच्या खाली क्लीनर. त्याच्या खाली कुणीच नाही, म्हणून दोष घरंगळत येऊन त्याच्यापाशी थांबायचा.

1980च्या दशकातली गोष्ट. माझ्या चुलत्यांचा, आबांचा, एक जुना ट्रक होता. हंगामात कारखान्याला ऊस, एरवी कोल्हापूरहून पुण्याला गूळ. एका वर्षी गाडीनं नवंच खूळ काढलं. रिकामी पळायची, भरलेली असली तरी सपाटीला चालायची. पण खंबाटकीच्या चढाला लागली की दम सोडायची. ॲक्सिलेटर दाबावा तसा आवाज उतरायचा आणि गाडी बंद. चाकाला दगड लावून पंधरा-वीस मिनिटं थांबलं, की काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू.

आबांचं निदान झालेलं होतं. क्लीनरनं डिझेल विकून टाकीत रॉकेल ओतलंय. संशय अगदीच हवेतला नव्हता. रॉकेल स्वस्त, डिझेल महाग, आणि रस्त्याकडेला कॅननं डिझेल विकणारे असतात, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. आबांनी त्या पोराचा महिन्याचा पगार अडवला. अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं. "म्या काय न्हाई केलं" एवढंच म्हणत राहिलं.

गाडी मिस्त्रीकडं नेली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रॉकेल असतं तर पंधरा मिन्टं थांबल्यावर त्याचं डिझेल हुतंय व्हय, आबा?"

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवायची, की डिझेलचा फवारा आत गेल्याबरोबर पेटतो. त्यासाठी फीड पंप टाकीतून नळीनं डिझेल ओढतो, फिल्टरमधून पुढं ढकलतो, आणि मोठा पंप ते दर चौरस सेंटिमीटरला 200 किलोच्या आसपास दाब देऊन नोझलला पाठवतो. या वाटेत कुठंही अडलं, तरी कळतं ते शेवटी, इंजिन थांबल्यावर. म्हणून घाईचा माणूस शेवटची आणि महागाची वस्तू आधी उतरवतो. मोठा पंप खोलून शहरात पाठवतो.

मिस्त्रीनं स्वस्तापासून सुरुवात केली. फिल्टर काढून पाहिला, साफ होता. एअर काढायचा स्क्रू ढिला करून हातानं पंप मारला. बुडबुडे आले नाहीत, म्हणजे नळी कुठं हवा ओढत नव्हती. मग त्यानं दहा लिटरचा कॅन केबिनच्या मागं बांधला, त्याची नळी थेट फीड पंपाला जोडली आणि भरलेली गाडी जवळच्या खिंडीच्या चढावर घातली. गाडी एका दमात वर गेली.

"फुडचं समदं चांगलंय. घोळ टाकीत हाय," मिस्त्री म्हणाला.

टाकी रिकामी केली तेव्हा तळातून हाताच्या पंजाएवढी चिंधी निघाली. चढाला इंजिन जास्त डिझेल मागतं, ओढ वाढते आणि चिंधी नळीच्या तोंडाला चिकटते. गाडी थांबली, की सुटून खाली बसते. पूर्वी टाकीचं टोपण हरवलं होतं, तेव्हा महिनाभर फडक्याचा बोळा कोंबून गाडी चालली होती. हे आबांना ठाऊक होतं. पण बोळा कुणी कोंबला, हे तिथं कुणी विचारलं नाही. आठ दिवस पोराला धरून जो प्रश्न चालला होता, तो एकाएकी बिनकामाचा ठरला.

मग 'कुणी' हा प्रश्न विचारूच नये काय? विचारावा. चोऱ्या होतात, आणि चोराला सोडावं असं मिस्त्रीही म्हणाला नसता. पण आधी 'कुठं', मग 'कसं' आणि शेवटी 'कुणी', हा क्रम आहे. आम्ही तो उलटा धरतो. विहिरीवरची मोटर पाणी उचलेना, की कालचा वाटेकरी आठवतो. म्हशीचं दूध आटलं, की नव्या सुनेचा पायगुण. फूटव्हॉल्व्ह आणि पेंडीचं पोतं नंतर तपासलं जातं.

शिवाय माणसावरच्या संशयाला कॅन बांधून बघता येत नाही. पोरगं गप्प बसलं, तर 'बोलायला तोंड कुठंय'. बोललं, तर 'उलटून बोलतोय'. दोन्हीकडून संशय पक्काच होतो. नळीला निदान खरं-खोटं सांगायची संधी असते.

आबांनी पगार दिला. 'चुकलं' असं काही म्हणाले नाहीत. मालकानं क्लीनरला तसं म्हणायची रीतच नव्हती. पाडव्यानंतर पोरगं दुसऱ्या गाडीवर गेलं. जाताना भांडलं नाही. त्याच्या जागी आलेल्या नव्या पोराला आबांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "डिझेलवर माझं ध्यान असतंय."

कॅन बांधून खरं काय ते बघायला मिस्त्रीला अर्धा दिवस लागला होता. पगार अडवायला आबांना काहीच लागलं नव्हतं.