तीन क्विंटल सोयाबीनची रॅकेट

काय लेका, पुण्याला जाऊन एक सेमिस्टर झालं नाही तर स्क्वॉशची रॅकेट बदलायची? तीही सोळा हजारांची? आणि वर निरोप काय, तर "सर, बाबांना तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील." २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये होता. म्हणजे तुझी रॅकेट तीन क्विंटलांची झाली. बाजार समितीत प्रत्यक्ष हातात काय पडतं, ते किन्हीराजात वाढलेल्या पोराला मी सांगायची गरज नाही. तुझ्या बाबांशी मी एक शब्द बोलणार नाही. तुझ्याशी बोलतो. मध्ये तोंड उघडायचं नाही.

म्हणे फटक्यात पॉवर येत नाही. चेंडू कोणता वापरतोस? दोन पिवळ्या ठिपक्यांचा. का? तर मोठे खेळाडू तोच वापरतात. अरे, तो चेंडू सगळ्यात मंद. रबर तापलं तरच तो उसळतो, आणि तापलेला राहायला समोरासमोर दोघं सतत, जोरात मारणारे लागतात. तुम्ही दोघं नवशिके. तिसऱ्या-चौथ्या फटक्याला रॅली मोडते, मग एक जण पाणी पितो, दुसरा मोबाइल बघतो, तोवर चेंडू गार. पुढच्या सर्व्हिसला तो भिंतीवरून येऊन पायाशी मुडद्यासारखा पडतो आणि तू रॅकेटीकडे रागानं बघतोस. लाल किंवा निळ्या ठिपक्याचा चेंडू आण. सोळा हजारांतला निम्मा आजार तिथंच बरा होईल.

उरलेला निम्मा तुझ्या मनगटात आहे. शाळेच्या मैदानावर नेट बांधून तू बॅडमिंटन खेळलास, चांगलं खेळलास, नाही म्हणत नाही. पण ते शटल साडेपाच ग्रॅमच्या वर जात नाही, आणि स्क्वॉशचा चेंडू २३ ते २५ ग्रॅमचा. तिथं नुसतं मनगट झटकून भागत नाही. गुडघा वाकव, खांदा वळव, रॅकेट मागून आण, चेंडू पुढच्या पायापाशी आला की मग मार. हे न करता महागडी रॅकेट घेतलीस तर कोपर सुजवून घेशील. सगळे तुझ्याच वयाचे, सगळ्यांना फटका दुकानातून हवा!

मला स्क्वॉशमधलं काय कळतं, असं मनात म्हणत असशील. किन्हीराजात कोर्ट नाही हे खरं. पण मला वाचता येतं, आणि तू ज्या खेळावर बापाचे पैसे लावायला निघालास त्याचं नियमपुस्तक तू उघडलेलं नाहीस. हा खेळ का धरलास तेही मला ठाऊक आहे. खेळणारे कमी, प्रमाणपत्र लवकर, मग नोकरीत खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण. हिशेब वाईट नाही, पण त्यासाठी आधी खेळावं लागतं.

आता रॅकेट. नियमानं लांबी ६८६ मिलिमीटरच्या आत, वजन २५५ ग्रॅमच्या आत. बाजारातल्या रॅकेटी त्याहून कितीतरी हलक्या असतात. फ्रेमवर ११५ किंवा १२० ग्रॅम लिहिलेलं वाचून तू भुललास. ते वजन नुसत्या फ्रेमचं. तार आणि ग्रिप चढली की आकडा वाढतो. तुझ्यासारख्यानं १३० ते १४५ ग्रॅमची फ्रेम घ्यावी. तिचं वजनच चेंडूला ढकलतं आणि भिंतीला लागली तर लगेच चिरत नाही. सव्वाशेच्या खालची फ्रेम ज्याचा हात सुटलेला आहे त्याच्यासाठी. तू अजून चेंडूपेक्षा भिंतच जास्त मारतोस.

तोल दुकानातच बघायचा. रॅकेट बोटावर आडवी ठेव आणि कुठं स्थिरावते ते पाहा. पूर्ण लांबीच्या रॅकेटीचा मध्य मुठीच्या टोकापासून ३४३ मिलिमीटरवर येतो. ती त्याच्या पुढं तोलली तर डोकं जड, फटक्याला वजन. मागं तोलली तर हातात चपळ, पण जोर तुझा तुला लावावा लागेल. डोक्याच्या तारा सरळ दांड्याच्या गळ्यापर्यंत उतरल्या असतील तर त्या लांब पडतात आणि चेंडू जास्त फेकतात. गळ्यात आडवी पट्टी असेल तर तारा आखूड, फेक कमी, पण चेंडू कुठं जातोय ते हाताला नीट कळतं. आणि एक उलटं गणित ध्यानात ठेव: तार जितकी घट्ट तितका ताबा, जितकी सैल तितका जोर. तू दुकानदाराला "एकदम टाइट करा" म्हणालास ना? मग पॉवर कुठून येणार! २४ पौंडांच्या आसपास ओढून घे. नवी तार काही शेकड्यांत बसते. कदाचित तुला हवी ती रॅकेट आत्ता तुझ्या हातातच असेल.

टिकण्याचं म्हणशील तर ग्राफाइट वाकत नाही, थेट तडकतं. डोक्यावरची प्लास्टिकची बंपरपट्टी घासून फ्रेम उघडी पडली की ती बदलायची. ज्या बारीक नळ्यांतून तार जाते त्यातली एखादी फुटली तर फ्रेमची कडा तार कापते, आणि तू म्हणतोस तार खराब निघाली. मे महिन्यात घरी येशील तेव्हा रॅकेट टिनाच्या खोलीत टाकायची नाही. आपल्याकडच्या उन्हानं तार सैल पडते.

मुंबईचा अब्दुल बारी १९५० साली ब्रिटिश ओपनच्या अंतिम सामन्यात खेळला तो लाकडी रॅकेटीनं. ग्राफाइट आलं ते १९८० च्या दशकात. मुंबईचाच महेश माणगावकर २०१४ ला इंचॉनला आणि २०२३ ला हांगचौला आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. त्याच्या हातातली रॅकेट तुला दुकानात मिळेल, लहानपणापासूनचा सराव मिळणार नाही.

तर ऐक. रॅकेट हीच राहील. तार बदल, चेंडू बदल, रोज अर्धा तास एकटा भिंतीला लागून सरळ फटके मार. पैसे खर्चायचेच असतील तर आधी पॉलिकार्बोनेटचा खेळाचा चष्मा घे. हा चेंडू जेमतेम चार सेंटिमीटरचा, डोळ्याच्या खोबणीत बरोबर बसतो. चष्म्याशिवाय कोर्टावर उतरलास असं कळलं, तर तुझ्या बाबांना मी नक्की फोन करीन.