गोष्ट आणि तिचा प्रश्न

प्रभूची कथा नवनवी वस्त्रे लेवून आपल्यापर्यंत आली आहे. १६१६ साली गोव्यात फादर स्टीफन्स यांनी ती 'क्रिस्तपुराणा'त मराठी ओवीबद्ध केली, रेव्ह. ना. वा. टिळकांनी ती कीर्तनात रंगविली. १९७८ च्या 'करुणामयुडु' या तेलुगू चित्रपटाने ती पडद्यावर आणली. आता आम्हां संकेश्वरकरांच्या मुलांना ती मोबाईलवर मराठीत मिळते, कानडीतही मिळते. यात वावगे काही नाही. परंतु चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगून येशूने विचारले, खरा शेजारी कोण ठरला? शास्त्र्याला तेथेच उत्तर द्यावे लागले. एकट्याने पाहणारा मात्र प्रश्न येताच बोट फिरवून पुढे सरकतो. म्हणून बंधुभगिनींनो, साधन कोणतेही असो. घरात ती गोष्ट आपण एकत्र पाहू या, आणि प्रश्नापाशी थांबू या.