वर्ण आणि योगक्षेम

दोन हिरव्या पक्ष्यांच्या पोटी निळे पिल्लू कोठून येते, हा प्रश्न वरवर पक्षिपालकांच्या जिज्ञासेचा वाटला, तरी त्याचा पाठपुरावा करणाऱ्याला तो कारण आणि कार्य, नियती आणि यदृच्छा यांच्या प्राचीन वादापर्यंत नेऊन पोचवतो. ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष अंतर्भागात थव्याथव्यांनी हिंडणारा बजरीगर हा चिमुकला पोपट १८४० साली जॉन गूल्डने इंग्लंडात जिवंत आणला. रानात तो हिरवाच असतो. परंतु ते हिरवेपण एकसंध नसून, पिसातील पिवळे रंगद्रव्य आणि पिसाच्या सूक्ष्म रचनेमुळे उमटणारा निळा प्रकाश यांच्या संयोगातून ते प्रकट होते, आणि पिवळे द्रव्य तयारच झाले नाही तर पक्षी निळा दिसतो. असे निळे पक्षी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेल्जममध्ये निपजले. त्यामागे एका विकराच्या घडणीतील अवघ्या एका अमिनो आम्लाचा फेरबदल आहे, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले.

निळेपणाचे बीज माता आणि पिता या दोघांकडून आले तरच पिल्लू निळे होते; एकाकडूनच आले, तर पक्षी दिसायला अस्सल हिरवा राहतो आणि ते बीज त्याच्या ठायी अव्यक्त राहून पुढच्या पिढीत उतरू शकते. असे बीज बाळगणाऱ्या दोन हिरव्या पक्ष्यांच्या घरट्यात निळे पिल्लू दिसले की सांख्यांचा सत्कार्यवाद आठवल्यावाचून राहत नाही: कार्य कारणात वसतच होते, केवळ व्यक्त झाले नव्हते. माझ्या मते मात्र हे उत्तर अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत करते. ब्र्नो येथील मठात राहून मेंडेलने वाटाण्याच्या वेलांवरून जो नियम शोधला व १८६६ मध्ये प्रसिद्ध केला, त्याप्रमाणे अशा जोडीची संतती सरासरीने चारांत तीन हिरवी व एक निळी असावयास हवी. परंतु हे प्रमाण कोणत्याही एका घरट्याला बांधून दिलेले नाही. चार पिल्लांच्या घरट्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश घरट्यांत एकही निळे पिल्लू निघत नाही, आणि चार हिरवी निघाली म्हणून पाचव्या अंड्यावर निळे होण्याचे कसलेही ऋण चढत नाही. जे संभाव्य होते ते सारे कारणात होते हे खरे, पण त्यांपैकी नेमके हेच या अंड्यात का उतरले, याचा जबाब त्या नियमाच्या दप्तरात सापडत नाही. तेथे त्या जीवाचे प्रारब्ध आहे असे कर्मवादी म्हणेल आणि तेथे निव्वळ यदृच्छा आहे असे यदृच्छावादी म्हणेल. मेंडेलचा नियम दोघांपैकी कोणाच्याही वतीने साक्ष देत नाही, आणि त्याची ही मर्यादा मला फार मोलाची वाटते.

काही जोड्यांत मात्र भाकीत निरपवाद ठरते. लाल डोळ्यांचा पिवळा नर आणि हिरवी मादी यांची जोडी लावली आणि त्यांच्यात निळ्याचे बीज नसले, तर माद्या सर्व पिवळ्या व नर सर्व हिरवे होतात, कारण पिवळेपणाचे हे बीज मादीला केवळ पित्याकडूनच मिळते. सुमारे अठरा दिवसांनी अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाच्या अंगावर पीस नसते. तरीही मिटलेल्या पापणीखालचा डोळा लालसर आहे की काळा, एवढे पाहून जाणता मनुष्य त्याचा रंग आणि लिंग दोन्ही सांगून मोकळा होतो. इतके निश्चित ज्ञान हाती आले की ज्ञात्याला स्वामित्वाचा भास होऊ लागतो.

ब्रेमेनचे शिक्षक हान्स डुंकर यांनी १९२० च्या दशकात, कार्ल क्रेमर यांच्या पक्षिसंग्रहाच्या आधाराने, याच पक्ष्यांच्या वर्णवारशाचे नियम मोठ्या चिकाटीने उलगडले. तेच डुंकर पुढे मानवी वंशशुद्धीचे पुरस्कर्ते झाले आणि नात्सी पक्षात गेले. त्यांचे पक्ष्यांचे गणित खोटे नव्हते, म्हणूनच हे उदाहरण मला अस्वस्थ करते. कोणता वर्ण कसा येतो हे कळल्याने कोणी जन्मावे हे ठरवण्याची सनद मिळत नाही, आणि ती मिळाली असे मानणाऱ्याच्या हाती शुद्ध विद्यासुद्धा केवढ्या अनर्थाला साहाय्यभूत होते, हे जर्मनीने पाहिले.

मग पिंजऱ्यापुढे उभ्या असलेल्या मनुष्याचा अधिकार तो कोणता? ज्याने पोपटाला हिरवा आणि मोराला चित्रविचित्र वर्ण दिला त्याच्यावर आपल्या उपजीविकेची चिंता सोपवावी, असा उपदेश ‘हितोपदेशा’त आहे; उलट, मोराला रंगवायला कोण बसले होते, असे विचारून स्वभाववाद्यांनी तीच पिसे ईश्वरकर्तृत्वाच्या विरुद्ध पुराव्यात मांडली. रानातल्या थव्यापुरता हा वाद चालू राहो. पिंजऱ्यात मात्र त्याला जागा उरत नाही, कारण रंग मनुष्याने निर्माण केला नसला तरी कोणाला कोणाजवळ ठेवायचे याची मुखत्यारी त्याने आपण होऊन घेतलेली असते, आणि वर्ण देणाऱ्याकडे असलेला योगक्षेमाचा भार त्याच क्षणी त्याच्याकडे वर्ग होतो. निळ्याच्या आशेने लावलेल्या जोडीला पाचही पिल्ले हिरवी झाली, तरी त्या पाचांच्या राळ्यात, पाण्यात आणि पंख पसरण्याच्या जागेत काटछाट करण्याची मुभा त्याला राहत नाही, मग त्यांना गिऱ्हाईक मिळो वा न मिळो. अंडी घालण्याची मटकी टांगलेली राहिली आणि दाणापाणी मुबलक मिळाले, तर जोडी एकामागून एक वीण घालीतच राहते व मादी झिजत जाते. म्हणून विवेकी पालक एकदोन विणींनंतर मटकी काढून घेतात आणि हवा तो रंग मिळाला नसला तरी जोडीला विसावा देतात.